चिनीतलं 'गेइ' नक्की क्रियापद आहे की शब्दयोगी? डोकं फिरलंय

उकडीचा_मोदक

नमस्कार मंडळी, पुण्यात चिनी शिकतोय, दीड वर्ष झालं, एचएसके तीनची (चिनीची परीक्षा, तिसरी पातळी) तयारी चालू आहे. चिनी अक्षरं इथे टाकत नाही, अर्ध्या लोकांना नुसते चौकोन दिसतात, म्हणून देवनागरीत लिहितो, सूर तेवढे समजून घ्या.

तर झालं असं की परवा क्लासला निबंध होता त्यात मी लिहिलं 'वो गेइ ल मामा दा द्येनह्वा', म्हणजे मी आईला फोन केला (हो, चिनीत मामा म्हणजे आई, त्यावरचे सगळे विनोद आमच्या घरी करून झालेत). सरांनी 'ल' भोवती (काम झालं हे दाखवणारा तो 'ल') लाल गोल काढला. आणि गंमत म्हणजे त्याच्या वरच्याच ओळीत 'वो गेइ ल मामा यी बन शू', मी आईला एक पुस्तक दिलं, ह्याला काही केलं नाही. तोच गेइ, तोच ल, तीच मामा. विचारलं तर म्हणाले पुस्तकवाल्या वाक्यात गेइ क्रियापद आहे म्हणून 'ल' चालतो, फोनवाल्यात तो 'ज्येत्स' आहे म्हणजे प्रिपोझिशन, आपल्या शब्दयोगीसारखं, तिथे नाही चालत.

बरं म्हटलं. पण मग 'जाय' बघा. 'था जाय जिया' तो घरी आहे, इथे क्रियापद. 'था जाय जिया छ्र फान' तो घरी जेवतो, इथे प्रिपोझिशन. आणि 'था जाय छ्र फान' म्हणजे तो जेवतोय, इथे ते तिसरंच काहीतरी. डिक्शनरी उघडली तर युंग, गन, दाव, बी सगळ्यांपुढे हेच, क्रमांक एक क्रियापद क्रमांक दोन प्रिपोझिशन. म्हणजे हा एकच शब्द दोन नोकऱ्या करतो का दोन वेगळे शब्द आहेत जे सारखे दिसतात? आणि परीक्षेत पटकन ओळखायचं कसं? सरांना परत विचारायची आता लाज वाटते, तीनदा विचारून झालंय.

चहाबाज_शांघाय

मोदकराव, लाज कसली, मी इथे सहा वर्षं राहून अजून चुकतो. परीक्षेपुरतं सांगतो, थिअरी इथले विद्वान सांगतीलच.

गेइ दिसला की लगेच निर्णय करू नका, पुढे वाचा. पुढे अजून एक खरं काम करणारं क्रियापद येतंय का? फोनच्या वाक्यात 'दा' येतंय (मारणे, फोन 'मारतात' इकडे). म्हणजे वाक्याचा मालक 'दा', गेइ नुसता आईला उचलून मालकाकडे आणून देणारा हमाल. 'ल' मालकाला लागतो, हमालाला नाही. म्हणून 'वो गेइ मामा दा ल द्येनह्वा'. पुस्तकाच्या वाक्यात गेइच्या पुढे कोणी नाहीच, तोच मालक, म्हणून 'ल' त्याला.

दुसरी खूण, नुसता तो शब्द उत्तर म्हणून चालतो का. ऑफिसात फोन येतो, 'था जाय मा?', साहेब आहेत का, आणि आमची रिसेप्शनवाली 'बू जाय' एवढं म्हणून फोन ठेवते, संपला विषय. तेच कोणी मला विचारलं की तू इंडियाहून आलास का, 'नी श्र त्सुंग यिनदू लाय द मा', तर मी 'त्सुंग' असं उत्तर देऊच शकत नाही, समोरचा वाट बघत बसेल पुढे काय म्हणून. 'श्र' म्हणायचं. म्हणजे 'त्सुंग' ची क्रियापदगिरी आता पार संपलीये, 'जाय' ची जिवंत आहे.

पण सगळीकडे हे जमत नाही हेही सांगतो. टॅक्सीत बसलो की ड्रायव्हर विचारतो 'दाव नाली?' कुठे जायचं, कुठपर्यंत? आणि उतरायच्या वेळी 'दाव ल', पोचलो. उतरतानाचा दाव क्रियापद हे शेंबडं पोरही सांगेल, 'ल' लागलाय ना. पण बसतानाचा? 'कुठे पोचायचं' म्हणतोय का 'कुठपर्यंत' म्हणतोय? त्या ड्रायव्हरला विचारलं तर तो मला उतरवून देईल.

आणि एक, नकार. आपली मराठी मंडळी इथे हमखास घसरतात कारण आपलं 'नाही' शेवटी बसतं. मी घरी जेवत नाही, ह्याचं मी पहिलं वर्षभर 'वो जाय जिया बू छ्र फान' करायचो. वाक्य बरोबर आहे पण अर्थ होतो की घरात असताना मी जेवत नाही, जणू काही व्रत आहे. नुसतं सांगायचंय की मी घरी नाही बाहेर जेवतो, तर 'वो बू जाय जिया छ्र फान', 'बू' आधीच, जाय च्या पुढ्यात. म्हणजे नकार बघा हमालाला लागतो! 'ल' मालकाला आणि 'बू' हमालाला. हे का ते मला विचारू नका.

जुनी_पोथी

चहाबाज यांनी हमाल आणि मालक छान सांगितलं, पण शेवटी त्यांनी जे 'विचारू नका' म्हटलंय तिथेच खरी गंमत आहे. 'बू' त्याला लागतो कारण तो अजून थोडासा क्रियापदच आहे. इंग्रजी पुस्तकांत ह्या जमातीला कोव्हर्ब असं वेगळं नाव देतात ते ह्यामुळेच, धड क्रियापद म्हणवत नाही, धड प्रिपोझिशन म्हणवत नाही.

'ज्येत्स' हा शब्दही बाहेरून आलेल्या चौकटीतून आलाय. १८९८ साली मा ज्येनचुंग नावाच्या गृहस्थांनी चिनी भाषेचं, चिनी माणसाने लिहिलेलं, पाश्चात्त्य धर्तीवरचं पहिलं मोठं व्याकरण लिहिलं. हे फ्रान्समध्ये शिकलेले, लॅटिन पक्की येणारे. लॅटिनमध्ये प्रिपोझिशन हा खण होता म्हणून चिनीतही तो खण केला आणि त्यात हे शब्द बसवले. दादोबांच्या मराठी व्याकरणावर इंग्रजीची सावली आहे अशी तक्रार आपल्याकडे होते ना, तसंच काहीसं.

आता इतिहास. चिनीतली जवळपास सगळी प्रिपोझिशनं एकेकाळी साधी क्रियापदं होती. त्सुंग म्हणजे मागे जाणे, अनुसरणे. गन म्हणजे पाठोपाठ जाणे, त्याचं झालं 'सोबत, शी' (आणि मूळ नाम म्हणून गन म्हणजे टाच!). दुइ म्हणजे समोर तोंड करणे, झालं 'कडे, बाबतीत'. बी म्हणजे तुलना करणे, झालं 'पेक्षा'. 'था बी वो गाव' शब्दशः तो, तुलना, मी, उंच.

पण सगळ्यात मस्त 'बा'. तुम्हाला हा छळणार आहे. 'बा मन ग्वान शांग', दार लाव. बा चं काम कर्म उचलून क्रियापदाच्या आधी आणणं, बाकी त्याला अर्थच नाही असं शिकवतात. मुळात बा म्हणजे हातात धरणे, मुठीत पकडणे. तांग काळातल्या दू फू ह्या कवीची (७१२ ते ७७०) एक ओळ भाषावाले लोक नेहमी उदाहरणाला घेतात, 'ज्वेइ बा जूयू जशी खान'. नवव्या महिन्याच्या नवमीचा सण आहे, त्या दिवशी जूयू नावाच्या झाडाची डहाळी जवळ बाळगायची पद्धत. ओळीचा अर्थ, झिंगलेल्या अवस्थेत जूयू हातात धरून नीट निरखतो. किंवा आजच्या कानाने ऐकलं तर नुसतंच, जूयूला नीट निरखतो. 'धरून' ऐकायचं का 'ला' ऐकायचं? व्याकरण दोन्हीला हो म्हणतं. हजार-बाराशे वर्षांपूर्वी ह्याच फटीतून बा तिकडून इकडे सरकला, कारण वस्तू धरून मग तिचं काहीतरी करायचं अशी वाक्यं लोक रोज बोलत होते आणि हळूहळू धरण्याकडे कोणाचं लक्षच राहिलं नाही, लक्ष पुढच्या क्रियापदावर.

जुना अर्थ अजून कोपऱ्याकोपऱ्यात सापडतो बरं का. दाराची मूठ, हँडल, ती 'बाशोउ'. 'यी बा मी' म्हणजे मूठभर तांदूळ. सुरी, छत्री, खुर्ची मोजताना 'यी बा' म्हणतात, हाताने धरायच्या वस्तू म्हणून.

आजीचा_बटवा

मला चिनीतलं ओ की ठो कळत नाही पण पोथीकाकांचं ते 'धरून' वाचून दचकले. अहो हे तर आपण रोज करतो!

'मला धरून पाच जण आहेत'. कोणी कोणाला धरलेलं नाही, धरून म्हणजे सकट. 'शाळेला लागून घर', काही लागलेलं नाही. आणि सगळ्यात भारी, 'मला सोडून सगळे महाबळेश्वरला गेले'. ह्याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे माझ्याशिवाय बाकीचे गेले, साधी माहिती. दुसरा म्हणजे मला टाकून गेले मेले, हा रुसवा. आमच्या सासूबाई हे वाक्य म्हणायच्या तेव्हा नेमका कुठला अर्थ आहे हे त्यांच्या भांडी ठेवण्याच्या आवाजावरून ओळखायला लागायचं.

मग सोडून हे क्रियापद की शब्दयोगी? आमच्या शाळेच्या व्याकरणात तर शब्दयोगीची यादी पाठ करायची आणि मोकळं व्हायचं.

चहाबाज_शांघाय

ताई, भांडी 😂

कंसातला_माणूस

बटवा ताईंचं उदाहरण एक नंबर, पण एक फरक आहे तो सोडू नका (पुन्हा 'सोडू'). मराठीत 'सोडून', 'धरून' ह्यांना 'ऊन' चं शेपूट आहे. ते शेपूटच सांगतं की बाबा मी मुख्य क्रियापद नाही, मुख्य पुढे येतंय. म्हणजे मराठीत शंका फक्त अर्थाची, वाक्यातली जागा नक्की आहे. इंग्रजीतही 'रिगार्डिंग', 'कन्सर्निंग', 'ड्युरिंग' ह्यांना 'इंग' आहे. चिनीत शेपूट हा प्रकारच नाही. 'धर दार लाव', 'वापर काड्या खा', 'अस घर जेव', असे उघडे शब्द एकामागे एक. कुठला मुख्य हे शब्द बघून कळायची सोयच नाही, ते जागेवरून आणि अर्थावरून ठरवायचं. माझ्या मते चिनीत हा घोळ इतका का आहे याचं हेच कारण. थाई, व्हिएतनामी, आफ्रिकेतली योरुबा, ह्यांच्यातही क्रियापदांच्या अशा आगगाड्या आहेत आणि तिथेही 'देणे' चं 'साठी' होतं वगैरे भानगडी सापडतात.

म्हणून मोदकच्या पहिल्या प्रश्नाला, एक शब्द की दोन, माझं उत्तर, प्रत्येक शब्दाला वेगळं. उतार आहे असं समजा. वरच्या टोकाला 'ज्वो', बसणे. 'ज्वो ह्वोछ छ्यु बेइजिंग', ट्रेनने बेइजिंगला जातो, इथे 'ने' चं काम करतोय पण कोणी त्याला प्रिपोझिशन म्हणत नाही, ट्रेनमध्ये बसून जातो असंच. त्याच्या खाली युंग, 'युंग ख्वायज छ्र फान', काड्यांनी जेवतो किंवा काड्या वापरून जेवतो, तुम्हाला हवं ते घ्या. मग जाय, गेइ, गन, ज्यांचे दोन्ही अवतार जिवंत. मग बा. आणि पार तळाला त्सुंग. गेइ घसरत घसरत किती लांब गेलाय तेही बघा, 'यीफु गेइ यु लिन ल', कपडे पावसाने भिजले, इथे देण्याघेण्याचा संबंधच उरला नाही. आणि कोणी 'नी गेइ वो गुन!' म्हणालं तर 'माझ्यासाठी गडगड' असा अर्थ लावत उभे राहू नका, 'चालता हो' असा आहे तो.

बाय द वे 'ज' वरून एक खुसपट. जाय मधला पहिला आवाज 'जहाज' मधला नाही, 'चमचा' मधला च आहे तो, घोष नाही त्याला. तसंच गेइ हा खरा 'केइ' च्या जवळ आणि बा हा 'पा' च्या. रोमन स्पेलिंग वाचून आपण सगळे फसतो. पण मराठीत चमच्यातला च आहे ही आपली चैन आहे, हिंदीवाल्यांना तो वेगळा शिकावा लागतो.

जुनी_पोथी

शेपटाचा मुद्दा मान्य, आणि महत्त्वाचा आहे. पण चिनीत अगदीच शेपूट नाही असंही नाही. 'गनज', 'दुइज', 'वेइल' बघा, ह्यांच्यात तोच 'ल' आहे जो चहाबाज म्हणतात हमालाला लागत नाही, आणि त्याच्याच जातीचा 'ज', काम चालू असल्याचा. ते चिकटून थिजलेत. 'वेइल' म्हणजे च्यासाठी, त्यातल्या 'ल' ने काही झालं, संपलं असा अर्थ आता निघत नाही.

जाता जाता 'बेइ' राहिला. कर्मणीचा. ह्याचा जुना अर्थ पांघरणे, अंगावर घेणे, आणि मग सोसणे. रजईला अजून 'बेइज' म्हणतात (कपालाही 'बेइज', सूर वेगळा, देवनागरीत माझी पंचाईत). त्यामुळे बेइ आला की बहुतेक वेळा काहीतरी वाईट सोसावं लागलंय असा वास येतो. २००९ च्या सुमाराला चिनी इंटरनेटवर लोकांनी ह्याची वात्रट गंमत केली, ज्या क्रियापदांचं कर्मणी होऊच शकत नाही त्यांना बेइ लावायला लागले. 'बेइ जिउये', म्हणजे 'नोकरीला लागवला गेलो', कॉलेजने आकडे फुगवायला कागदावर नोकरी दाखवली, प्रत्यक्षात पोरगं घरी. त्या वर्षीचं अक्षर म्हणून तिकडे बेइ निवडलं गेलं होतं. व्याकरणाच्या एका शब्दाला असा मान कुठे मिळतो सांगा.

तळलेली_मिरची

एवढं वाचून मला एवढंच कळलं की पाठ करा. मी एचएसके चार दिली ती उदाहरणं घोकून. परीक्षेत उताराचा वरचा भाग का खालचा असं कोणी विचारत नाही.

कंसातला_माणूस

मिरची, बरोबर, पण घोकताना क्रम तरी कळला पाहिजे ना. पुढचं जोडपं बघा, हे दोन्ही घोकले तरी फरक कळल्याशिवाय वापरता येत नाहीत. मांजराला चिनीत 'माव' म्हणतात, आपली माऊच. 'माव जाय ज्वोज शांग थ्याव', माऊ टेबलावर उड्या मारतेय, आधीपासून टेबलावरच आहे. 'माव थ्याव जाय ज्वोज शांग', माऊने उडी मारली आणि टेबलावर आली. शब्द तेच, फक्त 'जाय' इकडचा तिकडे. का? कारण आधी जे घडतं ते आधी बोलायचं. टेबलावर असणं आधी आणि उडी नंतर, तर जाय आधी. उडी आधी आणि टेबल नंतर, तर जाय नंतर. भाषाशास्त्रज्ञ जेम्स ताय ह्यांचा १९८५ चा गाजलेला लेख ह्याच गोष्टीवर आहे. जाय मेलेलं प्रिपोझिशन असतं तर त्याला ही काळवेळ कळली नसती, आत कुठेतरी 'असणे' जिवंत आहे म्हणून कळते.

आणि 'वर' कुठे आहे बघितलंत का? जाय मध्ये नाहीच, 'शांग' मध्ये आहे, नामाच्या मागे, अगदी आपल्या टेबला-वर सारखा. जाय नुसता 'असून'. हे इंग्रजीतून शिकवलं की पोरं जाय म्हणजे 'ऑन' का 'इन' का 'ॲट' विचारत बसतात. मराठीतून शिकवलं तर प्रश्नच येत नाही.

चहाबाज_शांघाय

एक येतो प्रश्न. आपलं 'आहे'. मी घरी आहे ह्याचं नवीन आलेले मराठी लोक हटकून 'वो श्र जाय जिया' करतात, कारण 'आहे' म्हणजे 'श्र' हे पहिल्या धड्यात बसलेलं असतं आणि जाय ला ते 'मध्ये' समजतात. 'वो जाय जिया', बास, जाय मध्येच आहे आहे. श्र घातलात की 'मी घरीच आहे हो, खरंच' असा जोर येतो, बायकोला फोनवर पटवून देताना वापरा.

उकडीचा_मोदक

बापरे, रात्री प्रश्न टाकून झोपलो आणि सकाळी एवढं! सगळ्यांचे आभार. माऊचं वाक्य क्लासला दाखवलं, सर खूश. निबंधात 'वो श्र जाय जिया' पण सापडलं, तिथे लाल गोल कसा नाही आला देव जाणे.

एक शेवटचं. बटवा ताईंचं 'मला सोडून सगळे गेले' चिनीत कसं म्हणायचं? दोन्ही अर्थांनी पाहिजे, घरी वापरायचंय.

जुनी_पोथी

साधी माहिती असेल तर 'छूल वो, दाजिया दोउ जोउ ल'. छूल म्हणजे सोडून, वगळून. फोडून बघा: 'छू', काढून टाकणे, अधिक तुमचा तो लाल गोलातला 'ल'. थिजलेला.

रुसवा असेल तर 'थामन द्यूश्या वो जोउ ल'. द्यूश्या म्हणजे टाकून देणे, फेकून. चिनीत दोन्ही वेगळे पडतात, भांड्यांचा आवाज ऐकावा लागत नाही.

आजीचा_बटवा

मग सासूबाईंना चिनी शिकवायला हवी होती.